मोडी शिकायचीय, पण सुरुवातच होत नाही? मग आज रात्री फक्त रेघा मारा

माळ्यावरच्या पेटीत पणजोबांच्या काळचे, मोडी या जुन्या मराठी लिपीतले कागद आहेत, ते स्वतः वाचायचे आहेत, आणि कित्येक वर्षं "या दिवाळीनंतर नक्की" चाललंय. अनेक मराठी घरांत हीच गत आहे. २०२३ साली जुन्या, बऱ्याचदा मोडीत लिहिलेल्या कागदांतल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि पुष्कळांनी मनाशी ठरवलं की आता शिकायचंच. माझ्या ओळखीतले बरेच जण अजून ठरवतच आहेत.

त्यांना हौस नाही असं मुळीच नाही. एक दिवस आतून उचल खाऊन आपण वही उघडू, अशी त्यांची समजूत आहे. अनुभव उलटा आहे. हात चालायला लागला की मागून हुरूप येतो, म्हणून पहिलं काम हुरूप नसतानाही उरकेल इतकं किरकोळ हवं. खालच्या पायऱ्या मोडीच्या आहेत. पेटी वाजवायला शिकायची असो की अर्धवट राहिलेली पदवी पुरी करायची असो, थोडा फेरफार करून त्या तिथेही चालतील.

पायरी १: एकच कागद निवडा

"मोडी शिकायची" हे उद्दिष्ट फार ऐसपैस आहे. यादवकाळापासून इंग्रजी अमदानीपर्यंत या लिपीची वळणं बदलत गेली, आणि सगळं शिकायचं म्हटलं की छातीत धडकी भरते. त्यापेक्षा पेटीतला एक कागद काढा. शक्यतो इंग्रजी अमदानीतलं खरेदीखत किंवा गहाणखत घ्या, कारण त्यातले शब्द ठरलेले असतात: लिहून देणार, लिहून घेणार, मौजे, तालुके, जिल्हे, रुपये, साक्ष. "सखाराम बिन रामजी" म्हणजे रामजीचा मुलगा सखाराम. हा साचा माहीत असला की पुढचा शब्द कोणता असेल याचा निम्मा अंदाज आधीच येतो.

खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर फोटो काढा आणि मूळ कागद परत जागेवर ठेवा. तो फाटका असला तरी त्याला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. फोटोची मोठी प्रिंट काढा आणि तिच्या मागे एक प्रश्न लिहा. जमीन कुणी कुणाला दिली? किती रुपयांना? साक्षीला कोण होतं? "मला माझा वारसा जाणून घ्यायचाय" असलं मोघम काही लिहू नका, त्याने कुणी वही उघडत नाही.

आता प्रिंटच्या तळाशी बघा. नावांच्या शेजारी नांगराचं छोटंसं चित्र दिसतंय का? सही न येणारा शेतकरी निशाणी म्हणून नांगर काढत असे. दिसलं तर समजा, एकही अक्षर येत नसताना तुम्ही कागदातली एक गोष्ट वाचलीत.

पायरी २: तयारीला आवर घाला

सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. बोरू मागवायचा, टाक आणि शाई शोधायची, पीडीएफ उतरवून घ्यायच्या, तीन व्हॉट्सअॅप गटांत शिरायचं, मग सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं यावर आठवडाभर चर्चा. हे करताना बरं वाटतं, कारण काम केल्याचं समाधान मिळतं आणि चुकण्याचा धोका नसतो. मुळाक्षरांचा एक तक्ता, एक कोरी वही आणि घरात असेल ते बॉलपेन, एवढ्यावर पहिले काही आठवडे सहज निघतात. बोरू हवाच असेल तर पहिली ओळ वाचता आल्यावर आणा.

पायरी ३: पहिल्या रात्री रेघा

मोडी लिहिताना आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. देवनागरीसारखी प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ नसते. सुरुवात रखडलेल्या माणसासाठी याहून सोयीचं काही नाही. रेघ ओढायला हुशारी लागत नाही, मूड लागत नाही, आणि ती थोडी वाकडी झाली तरी काही बिघडत नाही. पहिल्या रात्री एक पान रेघा मारा आणि वही मिटा.

दुसऱ्या रात्री रेघेखाली फक्त स्वतःचं नाव लिहा. त्यातली अक्षरं तक्त्यावरून हेरा आणि पेन शक्य तितकं कमी उचलून पुन्हा पुन्हा गिरवा. मग निवडलेल्या कागदातल्या गावाचं नाव, मग तालुक्याचं. पूर्ण बाराखडी आधी पाठ करायला बसू नका. मोडीत स्वर जोडला की कित्येक अक्षरांचं रूपच बदलतं, आणि ते सगळं एका बैठकीत बघितलं की माणूस गारठतो. हाताला ओळखीची आठ-दहा अक्षरं झाली की तीच कागदात इकडेतिकडे दिसायला लागतात.

शुद्धलेखनाचा धसका असलेल्यांना एक खूशखबर: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. वाईट बातमीही आहे. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि विरामचिन्हंही नसतात. पण ती डोकेदुखी पुढची, आज तिचा विचार करू नका.

पायरी ४: वेळ ठरवण्यापेक्षा खूण ठरवा

"रोज थोडा सराव करेन" हे वाक्य मनात विरून जातं. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने जर-तर पद्धतीच्या ठरावांचा बराच अभ्यास केला आहे. कधी, कुठे आणि काय करायचं हे आधीच बांधून ठेवलं, तर काम प्रत्यक्षात होण्याची शक्यता वाढते, असं त्याच्या प्रयोगांत दिसलं. म्हणजे असं: "रात्री ओटा आवरून झाला, की जेवणाच्या टेबलावर बसून तीन ओळी." वही दिसेल अशीच ठेवा, कपाटात गेली की संपलं.

गॅब्रिएल ओटिंगन या संशोधिकेचं काम याला पूरक आहे. आपण अस्खलित मोडी वाचतोय आणि नातेवाईक तोंडात बोटं घालताहेत, अशी नुसती गोड स्वप्नं रंगवली तर प्रत्यक्ष खटपट कमी होते, असं तिला आढळलं. स्वप्नाच्या जोडीला अडथळाही डोळ्यांसमोर आणावा लागतो. तुमचा अडथळा कोणता? जेवणानंतर हातात येणारा मोबाइल असेल, तर तो आधी दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, मग ओटा आवरायला घ्या.

पायरी ५: कुणाला सांगायचं

स्टेटसवर नको. तिथे अभिनंदन आधीच मिळतं आणि काम मागे राहतं. सांगायचंच तर एखाद्या आत्याला किंवा चुलतआजोबांना सांगा, ज्यांना त्या कागदातली नावं ओळखीची आहेत. तुम्ही "धोंडी" वाचता तेव्हा ते म्हणतात, "अगं, तो मळ्यातला धोंडीबा, आपल्या आजोबांचा भाऊ." असं उत्तर मिळालं की दुसऱ्या दिवशी वही उघडायला कुणी ढकलावं लागत नाही.

खंड पडला तर

पडेलच. लग्नसराई आहे, पोरांच्या परीक्षा आहेत. आपल्याकडे आरंभशूर म्हणून हिणवायची फार हौस, म्हणून लोक सुरुवातच करत नाहीत किंवा एकदा खंड पडला की वही लपवून ठेवतात. मागची भरपाई करायला बसू नका. त्या दिवशी पुन्हा एक पान रेघा. पाडव्याचा किंवा एक जानेवारीचा मुहूर्त साधला तर छान, नाही साधला तर मंगळवारही चालतो.

महिनाभर असं करूनही मन लागत नसेल, तर कदाचित कागदात काय आहे एवढंच तुम्हाला हवं असेल. मग जाणकाराला पैसे देऊन लिप्यंतर करून घ्या आणि मोकळे व्हा. मात्र कशातच मन लागत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल आणि हे आठवडे-आठवडे चाललं असेल, तर तो आळस समजू नका. डॉक्टरांशी बोला किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

वर्ग कधी लावायचा

नाव, गाव आणि खरेदीखतातले ठरलेले शब्द ओळखता यायला लागले की. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, आणि काही इतिहास मंडळं आणि महाविद्यालयंही घेतात. पुढच्या तारखा तिथेच विचारा. पहिल्याच दिवशी आपल्या कागदाची प्रिंट बरोबर न्या. न लागलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने खूण केलेली असू द्या, म्हणजे मधल्या सुट्टीत शिक्षकांना नेमकं काय विचारायचं ते ठरलेलं असेल.