रानभाज्या, औषधी झाडांची यादी करताय? सांगणारं माणूस पण लिहा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड भागात बरीच पोरं गावातल्या उपयोगी झाडांच्या याद्या करायला लागलीत, लय चांगलं काम आहे, पण यादीत नाव, फोटो आणि उपयोग एवढंच असतं. सांगणाऱ्याचं वय, बाई की पुरुष, जमीन आहे का, पोट कशावर चालतं हे पण झाडासमोर लिहाच, कारण कुणाला काय माहीत असतं ते त्याच्या कामावर ठरतं.

सोप्यात बसून विचारलं की पुरुष मंडळीच बोलतात, ते औताला कुठलं लाकूड चालतं ते सांगतील. टाकळा किती कोवळा असताना खुडायचा, कुर्डूचा शेंडा कुठवर घ्यायचा हे भांगलायला (शेतातलं तण काढायला) जाणाऱ्या आक्कांना, मावशींना विचारा. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत जा आणि जास्त वेळ थांबवणार असाल तर दिवसाची मजुरी द्या, त्यांचा दिवस बुडवून माहिती घेऊ नका. "तुम्ही हे खाता का" असं विचारलं की नाही म्हणतात, गरिबाचं खाणं म्हणून लाज वाटते, त्यापेक्षा "तुमची आई पावसाळ्यात काय रांधायची" असं विचारा, मग बघा कशा बोलत्या होतात.

माहीत आहे, खाल्लंय आणि यंदा खाल्लं असे तीन वेगळे रकाने करा. उसात तणनाशक मारायला लागल्यापासून घोळ, पाथरी बांधाला गेली आणि भांगलणीचं कामपण कमी झालं, म्हणजे भाजी आणि ती ओळखायला शिकायची जागा दोन्ही एकदमच गेलं. हा फरक एका रकान्यात कधीच दिसणार नाही.

जमलं तर गुऱ्हाळावर जाच. रस उकळायला लागला की भेंडीची खोडं ठेचून भिजवलेलं चिकट पाणी काहिलीत ओततात, मळी त्याला धरून फेसासंगं वर येते आणि मग ती काढून टाकतात. किती ओतायचं, कधी ओतायचं ते गुळव्या रसाचा रंग बघून ठरवतो, कुठं लिहिलेलं नसतं. पण सौद्यात पिवळ्याधमक गुळाला दर जास्त मिळतो म्हणून रंग उजळवणारी हायड्रॉस ही केमिकलची पावडर आली, त्यात ऊस कारखान्याला जायला लागला आणि गुऱ्हाळंच बंद पडत गेली. भेंडी आहे तिथंच आहे, ती वापरणारा हात कमी झाला. जिथं बिनकेमिकल गुळाला गिऱ्हाईक मिळालं तिथं भेंडी परत आलीय, तेपण लिहा. असं प्रत्येक वापरामागं दर, मजुरी, गिऱ्हाईक काय ते विचारत चला.

नरक्या या जंगली झाडाचं उलटं आहे. त्यातल्या कॅम्प्टोथेसिनपासून कॅन्सरची औषधं बनतात म्हणून सह्याद्रीत त्याची चोरून तोड होते. एखादा तरुण हे झाड झटकन ओळखत असेल तर कुणी शिकवलं ते विचारा, आज्जीनं की व्यापाऱ्यानं. आणि अशा झाडाची जागा वहीतसुद्धा नेमकी लिहू नका, व्हॉट्सअपवर तर अजिबात नको.

चांदोलीच्या जंगलातनं उठून खाली आलेल्या लोकांच्या वसाहतीतपण जा, तिथल्या म्हाताऱ्या माणसांना जी झाडं माहीत आहेत ती आता आसपास नाहीत, नातवंडांना दाखवणार कुठनं. हे लिहायचं राहिलं तर कायमचं राहून जाईल.

जडीबुटी देणारे मामा एखादं औषध सांगत नसतील तर मागं लागू नका, त्यावर त्यांचं घर चालतं. सांगितलंच तर नोंदवायच्या आधी त्यांची परवानगी घ्या.

फुलासकट फोटो काढा, एकाच झाडाला दोन गावात दोन नावं असतात तर दोन्ही लिहा, शास्त्रीय नावाला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागात विचारा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला पाहिजे, ती मागून बघा आणि त्यात तुमच्या नोंदी घालायला सांगा, ज्या बायकांनी सांगितलं त्यांना विचारून त्यांच्या नावासकट.