नजरेआड राहिलेलं नवं लेखन वाचकांपर्यंत कसं न्यावं

नव्या लेखकाचा चांगला लेख वाचकांविना पडून राहतो, तेव्हा दोष लेखात शोधण्याआधी तो कोणत्या रांगेत उभा होता ते पाहा. ऑनलाइन मंचांवर नवा लेख साधारणपणे काही तास वर दिसतो आणि मग त्यानंतर आलेल्या लेखांखाली दबत जातो. ज्याचे फॉलोअर हजारभर, त्याला त्या तासांत वाचक मिळतात. वाचक मिळाले की यंत्रणा तो लेख आणखी लोकांना दाखवते. ज्याचे फॉलोअर बारा, त्याचा लेख दुसऱ्या दिवशी दिसेनासा होतो.

२००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मॅथ्यू सॅलगॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. अनोळखी बँडांची ४८ गाणी १४ हजारांहून जास्त लोकांपुढे ठेवली होती. काहींना फक्त गाणी दिसत. बाकीच्यांना आठ स्वतंत्र गटांत वाटलं होतं आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती वेळा डाउनलोड झालं हेही त्यांना दिसत असे. आकडे दिसू लागल्यावर लोकप्रिय गाणी जास्तच लोकप्रिय झाली, पण प्रत्येक गटात वर आलेली गाणी वेगळी होती. अगदी उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली, अगदी सुमार क्वचितच वर आली. मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं.

नव्या लेखकांचं बरंच चांगलं लेखन याच मधल्या पट्ट्यात असतं. तिथे एका जाणत्या वाचकाच्या शिफारशीने फरक पडतो. ती शिफारस नियमितपणे, दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला चारपाच लेखांची निवड प्रसिद्ध करून, कशी करायची ते इथे सांगितलं आहे.

आधी नियम लिहून काढा

‘नवा’ आणि ‘दुर्लक्षित’ हे दोन शब्द आकड्यांत बांधल्याशिवाय सुरुवात करू नका. नाहीतर तिसऱ्या आठवड्यापासून निवड ओळखीच्या लोकांकडे सरकते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. चालण्याजोगे नियम असे: लेखकाला मंचावर येऊन सहा महिने झालेले नसावेत किंवा त्याचे फॉलोअर शंभराच्या आत असावेत, लेख किमान ४८ तास जुना असावा, म्हणजे तो खरंच मागे पडला की अजून वाचलाच जातोय हे कळतं, आणि तेवढ्या वेळात त्याला मिळालेला प्रतिसाद त्या मंचावरच्या सरासरी लेखापेक्षा स्पष्टपणे कमी असावा. एकदा निवडलेला लेखक पुढचे आठ आठवडे पुन्हा घ्यायचा नाही. नातेवाईक, मित्र आणि सहकारी कधीच नाहीत.

लेख किती जुना चालेल हे मंचावर अवलंबून आहे. हाइव्ह या ब्लॉकचेनवर चालणाऱ्या लेखन-मंचावर लेखाचं मानधन पहिल्या ७ दिवसांत वाचकांनी दिलेल्या मतांवर ठरतं, त्यामुळे तिथे निवड चौथ्या-पाचव्या दिवसाच्या आत झाली तरच लेखकाच्या पदरात काही पडतं. जिथे असा हिशोब नाही तिथे तीन महिन्यांपूर्वीचा लेखही बिनधास्त घ्या. माहितीपर लेख शिळे होत नाहीत.

शोध

‘लोकप्रिय’ किंवा ‘तुमच्यासाठी’ या यादीत शोधू नका. तिथे जे आहे ते आधीच सापडलेलं आहे. ‘सर्वांत नवीन’ हा क्रम लावा आणि थेट दोन दिवस खाली जा. मग टॅग. नव्या लेखकाला रुळलेले टॅग माहीत नसतात: प्रवासावरचा लेख कुणी ‘भटकंती’ म्हणून टाकतो, कुणी ‘माझे अनुभव’ म्हणून, कुणी रोमन लिपीत लिहून, आणि कित्येक जण टॅगच देत नाहीत. म्हणून प्रत्येक विषयासाठी पाच-सहा पर्यायी शब्द आणि त्यांची ऱ्हस्व-दीर्घाची चुकीची रूपंसुद्धा शोधून पाहा. चुकीच्या रूपाखाली सापडणारे लेख दुसऱ्या कुणी पाहिलेले नसतात. एखादा लेखक आश्वासक वाटला पण हा लेख जमलेला नसेल, तर त्याचं आरएसएस फीड, म्हणजे नवे लेख आपोआप कळवणारी यादी, लावून ठेवा. पुढचा लेख आपोआप तुमच्यापर्यंत येईल.

चाळण्याचीही रीत आहे. शीर्षकावरून लेख टाकून देऊ नका, कारण नव्या लेखकांची शीर्षकं सहसा सर्वांत कच्ची असतात. पहिल्या परिच्छेदावरूनही नको. लिहिण्याची सवय नसलेला माणूस सुरुवातीचे एक-दोन परिच्छेद घसा साफ करण्यात घालवतो आणि त्याला जे खरंच माहीत आहे ते तिसऱ्यापासून सुरू होतं. म्हणून आधी मधला एखादा परिच्छेद वाचा. तिथे नेमकं माप, कृती, निरीक्षण, अनपेक्षित पण खरा वाटणारा तपशील सापडला, तर लेख पूर्ण वाचायला घ्या. सापडला नाही तर पुढे चला. चारपाच लेख निवडण्यासाठी तीसचाळीस लेख चाळावे लागतील आणि त्यातले दहाबारा पूर्ण वाचावे लागतील, असा हिशोब धरा. हे एका बैठकीत होत नाही. रोज अर्धा तास ठेवा.

पहिल्या दिवसापासून एक्सेलसारख्या तक्त्यात नोंद करा: सापडल्याची तारीख, लेखक, लिंक, प्रसिद्धीची तारीख, त्या वेळचे लाइक आणि प्रतिसाद, परवानगीची स्थिती आणि ‘का निवडला’ हे एका वाक्यात. हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे ‘छान लिहिलंय’ याच्यापलीकडे काही सुचत नसेल तर लेख घेऊ नका, कारण वाचकाला सांगण्यासारखंही तुमच्यापाशी काही नसेल.

पडताळणी

चोरलेला लेख एकदा जरी तुमच्या निवडीत आला तरी पुढच्या सगळ्या शिफारशींवरचा विश्वास उडतो. लेखाच्या मधल्या भागातलं आठ-दहा शब्दांचं वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. पहिलं आणि शेवटचं वाक्य नको, उचलणारा नेमकी तीच बदलतो. तीन वेगवेगळ्या ठिकाणची वाक्यं पुरतात. शब्द देवनागरीत वेगवेगळ्या प्रकारे टाइप केलेले असू शकतात, म्हणून एकदा अवतरणचिन्हं काढूनही पाहा. परभाषेतून अनुवाद करून आणलेला लेख या शोधात सापडत नाही. तिथे चित्रं उपयोगी पडतात, कारण अनुवाद करणारा बऱ्याचदा चित्रंही तीच ठेवतो. गूगल लेन्स किंवा टिनआय या चित्रशोध साधनांना चित्र देऊन ते आणखी कुठे आहे ते पाहा.

लेख एआयकडून लिहून घेतल्याची शंका आली तर असं लेखन ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांच्या टक्केवारीवर निकाल देऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असं साधन जुलै २०२३मध्ये अचूकता कमी म्हणून मागे घेतलं होतं. चुकीचा आरोप झाल्यावर नवा माणूस लिहायचंच सोडतो. लेखकाला लेखातल्या एखाद्या तपशिलाबद्दल साधा प्रश्न विचारा: हे माप कसं घेतलं, हा फोटो कोणत्या टप्प्यावरचा? ज्याने काम केलंय तो चार ओळी जास्तच सांगतो.

तथ्याची चूक सापडली तर ती खासगीत कळवा आणि दुरुस्ती झाल्यावर लेख घ्या. शुद्धलेखनाच्या दोन-चार चुका असतील तर तशाच राहू द्या.

परवानगी

लिंक देऊन दोन-तीन ओळी उद्धृत करायला सहसा परवानगी लागत नाही. कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १०व्या कलमानुसार रीतसर प्रसिद्ध झालेल्या लेखनातून वाजवी प्रमाणात, उद्देशापुरतं अवतरण घेता येतं. मूळ स्रोत आणि लेखकाचं नाव मात्र द्यावंच लागतं. बारकावे देशागणिक बदलतात. पूर्ण लेख किंवा चित्र घ्यायचं तर परवानगी हवी, किंवा लेखकाने क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापराची आगाऊ मुभा, दिलेला असावा. तो बीवाय असेल तर नाव देऊन पुन्हा प्रसिद्ध करता येतं, एनसी असेल तर व्यावसायिक वापर नको, आणि एनडी असेल तर संक्षेप किंवा अनुवाद करून प्रसिद्ध करता येत नाही.

कायद्याने गरज नसली तरी विचारा. आजारपण, घरातले वाद, नोकरीतला त्रास यांवर बारा ओळखीच्या माणसांसाठी लिहिलेलं असतं, ते हजार अनोळखी लोकांपुढे न्यायचं का हे लेखकानेच ठरवायला हवं. निरोप छोटा ठेवा:

“नमस्कार. तुमचा शिवणयंत्राच्या दुरुस्तीवरचा लेख वाचला. दोरा ओवण्याबद्दलचा भाग विशेष आवडला. येत्या रविवारच्या निवडीत त्याची ओळख करून देऊन लिंक द्यायची आहे, सोबत तुमच्या तीन ओळी आणि पहिला फोटो. चालेल का? नाव कसं द्यायचं तेही कळवा. नको असेल तर निःसंकोच सांगा.”

तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर फोटो वगळा. लेख खासगी स्वरूपाचा असेल तर तोही थांबवा.

ओळख कशी लिहायची

सगळी मेहनत इथे सार्थकी लागते किंवा वाया जाते. पाच लिंकांची नुसती यादी कुणी उघडत नाही. प्रत्येक लेखाला ८० ते १२० शब्द द्या आणि त्यात लेखातली एक खरी गोष्ट वाचकाच्या हातात ठेवा. लेखकाची स्तुती आणि लेखाची ओळख यांतला फरक इथे दिसेल:

“एका नवोदित लेखिकेने शिवणयंत्राबद्दल अतिशय सुंदर आणि माहितीपूर्ण लेख लिहिला आहे. सर्वांनी आवर्जून वाचा.”

हे वाचून लेखात काय आहे ते कळत नाही. आता हे पाहा:

“शिवताना कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की आपण बॉबिन काढून बघतो. लेखिका सांगते, आधी वरचा दोरा पुन्हा ओवा. ओवताना प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) खाली असेल तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही आणि सैल राहून खाली गोळा होतो. असे सहा दोष तिने लक्षण, कारण, उपाय या क्रमाने घेतले आहेत. टाके सुटत असतील तर सुई वाकली आहे का, बोथट झाली आहे का, उलटी बसली आहे का हे कसं पाहायचं तेही आहे. सुरुवातीचे दोन परिच्छेद यंत्राच्या इतिहासाचे आहेत. घाईत असाल तर तिसऱ्यापासून वाचा.”

शेवटच्या वाक्यात लेखाची उणीव आहे, पण ती वाचकाला उपयोगी पडेल अशा रूपात आहे. अशा एका प्रामाणिक वाक्यामुळे बाकीच्या कौतुकावर विश्वास बसतो. ‘पहिलाच प्रयत्न असूनही’ किंवा ‘नवखेपणा जाणवतो, पण’ असलं काही लिहू नका. निवडलं आहे म्हणजे ते वाचनीय आहे, सवलत मागायची गरज नाही. दुसऱ्या टोकाला, लेखाचा सगळा अर्क ओळखीतच देऊ नका. सहांपैकी एकच दोष पूर्ण सांगितला, बाकीचे लेखात राहिले; तेवढं प्रमाण पुरे.

प्रसिद्ध करताना

वाचक वरून खाली येताना गळत जातात, म्हणून सर्वांत कमी वाचला गेलेला लेख पहिला ठेवा. ‘नवे लेखक, भाग १२’ या शीर्षकाने कुणी थांबत नाही. ‘दोऱ्याचा गुंता, गच्चीवरचे मधमाशांचे पोळे आणि तीन लेख’ याने थांबतो. लिंक शब्दांच्या मागे लपवा. देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-मात्रा नऊ-नऊ रोमन चिन्हांची होते, आणि तो लांबलचक पत्ता निरोपात अर्धवट तुटतो. चित्राखाली श्रेय आणि चित्राचं शब्दांत वर्णन द्या. परवानगीने पूर्ण लेख पुन्हा छापत असाल तर कॅनॉनिकल टॅगमध्ये, म्हणजे मूळ प्रत कोणती हे शोधयंत्राला सांगणाऱ्या पानातल्या खुणेत, मूळ लेखाचा पत्ता टाका, नाहीतर शोधयंत्रात तुमची प्रत वर आणि मूळ लेख खाली असं होऊ शकतं.

हाइव्हवर तुमच्या निवडीच्या लेखाचं मानधन टक्क्यांनी त्यातल्या लेखकांत वाटण्याची सोय आहे; ती मतं पडायच्या आधी, म्हणजे प्रसिद्ध करतानाच लावावी लागते.

लेखकाला दिवस आणि वेळ आधी कळवा, म्हणजे वाचक येतील तेव्हा त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला तो हजर असेल. पहिल्या दिवशी उत्तर मिळालेला वाचक फॉलो करतो.

नंतरचं काम

दोन-तीन महिन्यांत ‘माझाही लेख घ्या’ असे निरोप वाढतील. त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवा, तेच नियम लावा, आणि एका अंकात अशा मार्गाने आलेला एकच लेख घ्या. एकमेकांना लाइक देणारे गटही याच वाटेने येतात. तेच पाच-सहा जण प्रत्येक लेखाखाली मिनिटाभरात एकाच छापाची दाद देताना दिसले तर तो आकडा धरू नका. चांगले लेख चारऐवजी दोनच सापडले तर दोनच छापा.

यश लाइकवर मोजू नका. तक्त्यात आणखी दोन रकाने घाला: ३० दिवसांनी फॉलोअर किती झाले, आणि ६० दिवसांत लेखकाने पुढचा लेख लिहिला का. दहा निवडींनंतर हे रकाने वाचा. फॉलोअर वाढले पण पुढचे लेख आले नाहीत, तर लेखकाशी संपर्क कमी पडतोय. एका ओळीने विचारपूस करा. दोन्ही रिकामे असतील तर बहुतेक ओळखी वरवरच्या झाल्या आहेत, जुन्या काढून पुन्हा वाचा. याच वेळी जुन्या अंकांतल्या लिंका उघडून बघा. लेख काढून टाकलेला असेल तर लेखकाला विचारा, आणि त्याने जाणूनबुजून काढला असेल तर त्याच्या उद्धृत ओळी आणि फोटोही त्याच दिवशी काढा.