दोन पांढऱ्या पुड्या आणि घरभरचे डाग

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात नळांवर पांढरी पुटं चढली. नौपाड्यात आईकडे धरणाचं पाणी, त्यामुळे हा प्रकार कधी पाहिलाच नव्हता. वाशीला बहिणीकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, तिच्याही नळांना काही होत नाही. आमच्या सोसायटीत मात्र उन्हाळा लागला की टँकर आणि बोअर. जमिनीतून येताना पाणी क्षार घेऊन येतं. पाणी वाळतं, क्षार नळावर बसतो.

मी आपली दर आठवड्याला नवी बाटली आणायची. नळाची वेगळी, काचेची वेगळी, लादीची वेगळी. एके दिवशी भांड्यांच्या मावशी दारात उभ्या राहून माझी घासाघीस बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, डाग कसला ते तरी बघा आधी. पाण्याचा असेल तर आंबट लावा, तेलाचा असेल तर सोडा."

एवढं एक वाक्य. त्यानंतर सिंकखालच्या बाटल्या हळूहळू संपल्या आणि मी नव्या आणल्या नाहीत.

काय आणायचं

जांभळी नाक्यावरच्या कुठल्याही मोठ्या किराणा दुकानात दोन्ही वस्तू सुट्या मिळतात. एक लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड. ढोकळ्यात घालतो तेच. दुसरा धुण्याचा सोडा. खायचा सोडा नव्हे. तो सौम्य असतो, चहाच्या कपातले तांबूस डाग घासायला चांगला, पण एक्झॉस्ट फॅनवरच्या चिकट्यापुढे त्याचं काही चालत नाही. पाव-पाव किलो आणा. आमच्या चौघांच्या घरात लिंबूफूल दोन-अडीच महिने जातं.

मोबाइलवरच्या व्हिडिओंत सोड्यावर व्हिनेगर ओततात, फसफसून फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, काय सफाई चाललीय! खरं तर आंबट आणि सोडा तिथे एकमेकांना मारत असतात. फेस बसल्यावर उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. दोन्ही वापरायचेच असतील तर आधी एक, मग स्वच्छ धुऊन दुसरं.

पांढरे डाग: नळ, शॉवर, किटली

१. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे लिंबूफूल विरघळवा.

२. जुन्या बनियनचं फडकं त्यात बुडवून, जरासं पिळून नळाला गुंडाळा. तोटीच्या टोकाला थर जास्त असतो, तिथे फडकं घट्ट बसवा.

३. अर्धा तास हात लावू नका. यातच सगळं आहे. आपण लावतो आणि लगेच तारेची घासणी घेऊन तुटून पडतो. थर विरघळायला वेळ लागतो, आणि तारेने नळाचं पॉलिश जातं ते वेगळंच.

४. फडकं काढून जुन्या टूथब्रशने फिरवा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं पुसा.

शॉवरची भोकं बुजली असतील तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पिशवी शॉवरला रबराने बांधायची आणि तासभर ठेवायची. पिशवी काढली की पांढरे कण आपोआप खाली पडतात. पुढचं पाणी एकदम जोरात येतं, तोंड लांब ठेवा! विजेच्या किटलीत पाणी भरून एक चमचा लिंबूफूल घाला, उकळी आली की बंद करून वीस मिनिटं ठेवा, ओता, मग दोनदा साधं पाणी उकळून फेकून द्या.

कुकरच्या आतली काळी रेघ हीसुद्धा क्षाराच्या पाण्याचीच करामत. ॲल्युमिनियम अशा पाण्यात उकळलं की काळं पडतं. रेघेच्या वरपर्यंत पाणी भरा, दोन चमचे लिंबूफूल किंवा मूठभर चिंच घाला, झाकण न लावता दहा मिनिटं उकळा, गार झाल्यावर घासा. रेघ पुन्हा येऊ द्यायची नसेल तर पिळलेल्या लिंबाची साल टाकू नका. कुकर लावताना तळाच्या पाण्यात ती टाकायची, डब्यात नाही. आई हे कायम करते. मला वाटायचं, तिला साल फेकवत नाही म्हणून.

सोलकढीचं पिळलेलं आमसूलही असंच. मीठ लावून तांब्याच्या तांब्यावर फिरवलं की दोन मिनिटांत तो गुलाबी होतो. (रोजच्या पितळेला पितांबरी आहेच, आणि तीही आपल्या ठाण्याचीच.)

कडप्प्याच्या ओट्यावर आंबट नको

हे मी स्वतः करून बसले आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत लिंबूफुलाचं यश डोक्यात गेलं होतं. आईकडे गेले आणि तिच्या काळ्याभोर ओट्यावर तेच पाणी ओतून अर्धा तास गप्पा मारत बसले. पुसलं तर चांगला ताटाएवढा पांढुरका, खरखरीत डाग. कडप्पा म्हणजे चुनखडकच, आणि नळावरचा क्षारही चुन्याच्याच जातीचा. आंबटाला दोन्ही सारखेच. ते ओटाही खातं. संगमरवराचं तसंच. देवघराचा संगमरवर, जुन्या घरातल्या शहाबादी फरशा, मोझॅक टाइल्स यांना लिंबू, चिंच, व्हिनेगर काही लावू नका. भांडी घासायचा पातळ साबण आणि ओलं फडकं पुरे. आपला दगड कोणता ते कळत नसेल तर ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. चमक गेली तर उत्तर मिळालं. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही.

आईच्या ओट्यावर तेल चोळून पाहिलं. दोन दिवस बरं दिसतं, मग परत तेच. आता त्या जागी मिसळणाचा डबा असतो. आई काही बोलली नाही, पण डबा आधी शेगडीच्या उजवीकडे असायचा.

मेणचट डाग: एक्झॉस्ट फॅन आणि चिमणीची जाळी

फोडणीची वाफ, तेल आणि धूळ मिळून जो पिवळा चिकटा होतो त्याला आंबट काही करत नाही. इथे धुण्याचा सोडा. तेलाशी गाठ पडली की सोडा त्यातल्या थोड्याचा साबणच करून टाकतो, म्हणून चिकटा सुटतो.

फॅनचा प्लग काढा, पाती सोडवा. मोटारीला पाणी लागू द्यायचं नाही, ती फक्त पिळलेल्या फडक्याने पुसायची. टबमध्ये हाताला सोसवणार नाही इतकं गरम पाणी घ्या, बादलीला चार मोठे चमचे सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण टाका, पाती बुडवून अर्धा तास ठेवा. हातमोजे हवेतच, नाहीतर रात्री बोटांची सालं निघतात. मग ब्रश फिरवा, धुवा, पूर्ण वाळल्यावरच बसवा.

चिमणीची स्टीलची जाळी अशीच निघते. ॲल्युमिनियमची असेल तर मात्र सोडा नको, काळी ठिक्कर पडेल. तिला नुसता साबण आणि गरम पाणी.

झुरळांच्या गोळ्या

आमच्याकडे पेस्ट कंट्रोल झालं, पंधरा दिवसांत झुरळं परत हजर. आता मी गोळ्या करते. मेडिकलमधून बोरिक पावडर आणायची. कॅरम बोर्डवर टाकायला पूर्वी हीच असायची. चार चमचे पावडर, दोन चमचे कणीक, एक चमचा साखर, आणि मळण्यापुरतं दूध. वाटाण्याएवढ्या गोळ्या करून बाटलीच्या झाकणांत ठेवायच्या: फ्रिजच्या मागे, सिंकखाली, सिलिंडरच्या कोपऱ्यात.

झुरळ तिथल्या तिथे मरत नाही. खाऊन जातं आणि नंतर मरतं. आठवडा-दोन आठवडे धीर धरा. तोवर त्या जागी स्प्रे मारू नका, वासाने झुरळं गोळीकडे फिरकणार नाहीत. गोळ्या दगडासारख्या झाल्या की बदला. बोरिक पोटात जाणं वाईट, म्हणून रांगतं बाळ किंवा मांजर असलेल्या घरात हा उद्योग नकोच. मळायला जुनी वाटी घ्या आणि ती परत स्वयंपाकात आणू नका.

पावसाळ्याचं थोडं

कपड्यांना कुबट वास येतो तो पावसाचा नसतो. कपडे वाळायला वेळ लागला की त्यांत जंतू वाढतात, त्यांचा तो वास. सुगंधी पाणी वरवर लावून तो फक्त झाकला जातो. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घाला, जास्तीचं एक स्पिन द्या, आणि दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं जागा ठेवून पंखा लावा. जागा नसेल तर कमी कपडे धुवा, दुसरा इलाज नाही. रव्याला कीड लागू नये म्हणून तो भाजून डब्यात भरणं हा जुना उपाय. मला कंटाळा येतो, म्हणून मी रवा आणला की पाकिटासकट चार दिवस फ्रीझरमध्ये टाकते. पोरकिडे आणि त्यांची अंडी दोन्हींचा निकाल लागतो.

सिलिंडरमध्ये गॅस किती उरला ते बघायला तो ओल्या फडक्याने चौफेर पुसा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. वरचा भाग आधी वाळतो. जिथून खाली ओल टिकते, तिथवर गॅस.

हे मात्र एकत्र करू नका

ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी आणि कुठलंही ॲसिड, मग ते लिंबूफूल असो, व्हिनेगर असो की संडास साफ करायचं द्रावण. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपली बाथरूम म्हणजे खिडकीच्या नावाखाली चार काचेच्या पट्ट्या. ब्लीच वापरलं त्या दिवशी दुसरं काही वापरायचं नाही. एवढा नियम पाळला की झालं.

आणि डब्यांवर नावं लिहा. बोरिक पावडर तर स्वयंपाकघरात ठेवूच नका, आमची आता बाथरूमच्या वरच्या माळ्यावर असते. लिंबूफूल मी साखरेच्या शेजारी तशाच काचेच्या बरणीत ठेवलं होतं. सासरे पहाटे साडेपाचला उठून स्वतःचा चहा करतात. त्यांचं तीन दिवस दूध फाटलं. चौथ्या दिवशी ते दूधवाल्याशी भांडायला खाली गेले, तेव्हा माझी झोप उघडली.