रेनाइस केलं, तरी मशीन अडखळतंच? या चुका टाळा

एकदा व्हिडिओचा फॉरमॅट बदलत होतो आणि ब्राउझर अडखळायला लागला. लिनक्समध्ये सीपीयू कुणाला किती मिळणार, हे प्रत्येक प्रोग्रामच्या ‘नाइस’ या आकड्यावर ठरतं आणि चालू प्रोग्रामचा आकडा ‘रेनाइस’ या कमांडने बदलतात. ‘कमी आकडा म्हणजे कमी महत्त्व’ असा हिशेब करून मी एफएफएमपेग, म्हणजे व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम, थांबवला आणि सुडो लावून (म्हणजे रूटच्या, मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने) -२० वर पुन्हा सुरू केला. मग माऊसही जागचा हलेना.

खरं तर नाइस हा सोशिकपणाचा आकडा आहे. १९ वाला ‘आधी तुम्ही घ्या’ म्हणतो, -२० वाला रांगेत कोपराने ढकलतो. एरवी सगळे ० वर. सीपीयूच्या एकाच कोअरवर दोन भुकेले प्रोग्राम असले, एक ० वर आणि दुसरा १९ वर, तर दुसऱ्याच्या वाट्याला जेमतेम दीड टक्का सीपीयू येतो. म्हणून अडखळणाऱ्याला वर ओढू नका, हावरटाला खाली बसवा. सुरुवात १० पासून करा, कारण आपल्या प्रोग्रामचा आकडा कुणीही वाढवू शकतो, पण परत उतरवायला सहसा रूटच लागतो.

‘१९ दिलं, तरी ढिम्म!’ यामागे बऱ्याचदा ऑटोग्रुप असतो. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.३८ आवृत्तीपासून (२०११) प्रत्येक टर्मिनल सेशनचा वेगळा गट धरला जातो आणि नाइसची स्पर्धा त्या गटापुरतीच उरते. एका टर्मिनलमध्ये एफएफएमपेग, दुसऱ्यात कोड कंपाइल होत असेल, तर तुमचा १९ शेजारच्या गटाला दिसतच नाही. अशा वेळी /proc (प्रॉक) या फोल्डरात त्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, फोल्डरात ऑटोग्रुप नावाची फाइल असते, तिच्यात १० लिहा. हे कळेपर्यंत मी रेनाइसलाच शिव्या घालत होतो.

दुसरा चकवा थ्रेड्सचा, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामांचा. रेनाइसला पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दिला की फक्त मुख्य थ्रेड हलतो. आधीच सुरू झालेले बाकीचे ० वरच राबत राहतात. प्रॉकमधल्या त्याच फोल्डरातल्या ‘टास्क’ या उपफोल्डरात सगळ्यांचे आयडी मिळतात, ते एकदम रेनाइसला द्या. खरं तर जड काम सुरू करतानाच नाइस लावलं, की हा व्याप उरतच नाही.

आणि टॉप या कमांडमध्ये ‘डब्ल्यूए’चा (wa, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) आकडा चढलेला असेल, तर भांडण डिस्कवर आहे, सीपीयूवर नाही. तिथे आयोनाइसचा (डिस्कसाठीचं नाइस) तिसरा वर्ग, म्हणजे आयडल, वापरून पाहा. त्यालाही डिस्कची रांग लावणारा बीएफक्यूसारखा शेड्यूलर लागतो. रॅम संपून स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झालं असेल, तर मात्र ब्राउझरचे टॅब बंद करा.