संजय गांधी निराधारचा फॉर्म भरताय? आधी बँकेचं काम उरका

निराधारांना दरमहा सरकारी अनुदान देणाऱ्या या योजनेवर जिथे बघावं तिथे तेच लिहिलेलं असतं, कागदांची लांबलचक यादी आणि शेवटी एक ओळ, ‘मंजुरीनंतर रक्कम थेट खात्यात जमा होईल’. लोक अडकतात ते नेमके त्या शेवटच्या ओळीत. फाइल मंजूर, यादीत नाव, आणि पासबुकात महिनोन्‌महिने काही नाही. आमच्या भागातल्या लोकांचे फॉर्म मी बरीच वर्षं भरून देतोय, त्यामुळे जे सोपं आहे ते पटकन सांगतो आणि बँकेवर जरा थांबतो.

कोणाला मिळतं ते आधी बघा. वय 18 ते 65, महाराष्ट्रात निदान 15 वर्षं राहणं, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. दिव्यांगांसाठी उत्पन्नाची मर्यादा 50 हजार. विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेले, कॅन्सर, टीबी, पॅरालिसिससारख्या आजाराने काम सुटलेले, तृतीयपंथी, निराधार पुरुषसुद्धा. हो, पुरुषसुद्धा, ही बायकांचीच योजना आहे असं समजून कितीतरी माणसं अर्जच करत नाहीत. महिन्याला 1,500 मिळतात, दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500. पासष्टी ओलांडली असेल तर हा फॉर्म नको, श्रावणबाळ योजनेचा भरा.

लाडकी बहीण चालू असेल तर दोन्ही मिळणार नाहीत. सरकारच्या दुसऱ्या योजनेतून 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण बंद होते, त्यामुळे ‘दोन्ही करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला दारातूनच परत पाठवा. मंजुरीसाठी पैसे मागायचा अधिकार कोणालाच नाही, ना एजंटला ना आणखी कोणाला.

कागद नेहमीचेच. आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, फोटो, पासबुकाची झेरॉक्स. विधवा असेल तर नवऱ्याचा मृत्यू दाखला, घटस्फोट असेल तर कोर्टाचा आदेश, अपंगत्व असेल तर, पुण्यात, ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयाकडून झालेलं ऑनलाइन सर्टिफिकेट. उत्पन्नाचा दाखला बहुतेक वेळा 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढून एप्रिलमध्ये फॉर्म द्यायला जाऊ नका, तो दाखला परत काढावा लागतो. उत्पन्न खोटं लिहू नका, तलाठी चौकशीला घरी येतात, शेजाऱ्यांनाही विचारतात.

पुण्यात अजून एक, तुमचा पत्ता पुणे शहर तालुक्यात येतो की हवेलीत हे सेतू केंद्रात (सरकारी दाखले काढून देतात तिथे) विचारूनच निघा. भवानी पेठेतला माणूस एकीकडे जाणार आणि धायरीतला दुसरीकडे, महापालिका एकच असली तरी तहसील वेगळी. फॉर्म दिला की पोचपावती मागा, शिक्का आणि तारीख असलेली, ‘नंतर घेऊन जा’ ऐकून निघू नका. पुढे समितीच्या बैठकीत मंजुरी होते, त्याला वेळ लागतो, मधे जाऊन त्रुटी निघाली का एवढं विचारत राहा.

आता बँक. हे नीट वाचा.

सगळ्यांना वाटतं आधार खात्याला लिंक आहे म्हणजे झालं. तसं नाहीये. बँकेने केवायसीला, म्हणजे ओळख पटवायला, आधार घेतलंय ही एक गोष्ट, आणि सरकारी पैसे तुमच्या आधारवरून कुठल्या बँकेत पाठवायचे याची नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेकडे) असते ही दुसरी गोष्ट. अनुदान आता डीबीटीने, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येतं, आणि ते ही दुसरी नोंद बघून येतं. आणि एका आधारला अशी एकच बँक लागते, जिथे शेवटची नोंद झाली तीच. तुम्ही तहसीलला कुठल्या पासबुकाची झेरॉक्स दिलीय याने फरक पडत नाही, पैसे त्या नोंदीच्या मागेच जातात.

आमच्याकडच्या एका ताईंचं असंच झालं. मंजुरीचं पत्र हातात, रोज बँकेत जाऊन पासबुक मशीनमध्ये घालायच्या, छापून काहीच यायचं नाही. काउंटरवरचे म्हणायचे आधार लिंक आहे, तहसीलवाले म्हणायचे आम्ही सोडलेत. दोघंही खरंच बोलत होते. पैसे जात होते गॅसच्या सबसिडीसाठी कधीकाळी काढलेल्या खात्यात, त्याचं पासबुक ट्रंकेत साड्यांखाली होतं आणि नवरा गेल्यापासून कोणी उघडूनही बघितलं नव्हतं. ते हातात येईपर्यंत ताई उधारीवर किराणा आणत होत्या. बाकी कुठेच काही चुकलेलं नव्हतं, फक्त कोणी बघितलं नव्हतं.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी हे तपासा. माय आधारच्या साइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ आहे (सीडिंग म्हणजे हीच एनपीसीआयची नोंद), आधार नंबर आणि ओटीपी टाकला की बँकेचं नाव, नोंद चालू आहे की बंद, आणि तारीख दिसते. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर ओटीपी येणारच नाही, मग आधी आधार केंद्रात जाऊन नंबर जोडून घ्या. बँकेचं नाव ओळखीचं असेल, खातं चालू असेल, तर त्याच पासबुकाची झेरॉक्स लावा आणि विषय संपला. उगाच नवीन खातं काढू नका.

नाव भलत्याच बँकेचं दिसलं किंवा नोंदच नसली तर तुमच्या बँकेत जा, पण ‘आधार लिंक करा’ असं म्हणू नका, तसं म्हटलं की ते केवायसी बघून ‘आहे की’ म्हणून परत पाठवतात. म्हणायचं, ‘डीबीटीसाठी एनपीसीआयला सीडिंग करायचंय, संमतीचा फॉर्म द्या.’ त्या फॉर्ममध्ये नवीन नोंद आणि दुसऱ्या बँकेतून हलवणं असे वेगवेगळे पर्याय असतात. आधीची बँक दिसत असेल तर हलवण्यावरच टिक करा आणि त्या बँकेचं नाव लिहा, हे रिकामं ठेवलं की काम अडकतं. काही दिवसांनी साइटवर परत बघा, बदललं नसेल तर परत जा. काउंटरवर फारच टोलवाटोलवी झाली तर पोस्टात जाऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं काढा, अंगठ्यावर होतं आणि सीडिंगही तिथेच सांगता येतं, वयस्कर माणसांसाठी माझं मत तेच.

खातं झोपलेलं असेल, म्हणजे दोन वर्षं व्यवहारच नाही, तर आधी केवायसी देऊन चालू करून घ्या. आणि एकदा सगळं नीट लागलं की कोणी दारात टॅब घेऊन ‘कर्जासाठी खातं काढतो, अंगठा द्या’ म्हणाला तर आधी विचारा की डीबीटी बदलणार का, कारण नवीन खात्याबरोबर नोंद तिकडे सरकू शकते आणि तुमचा चालू झालेला पगार, म्हणजे हे अनुदान, गपचूप दुसरीकडे जायला लागतो.

पगार सुरू झाल्यावर दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये हयातीचा दाखला द्यायचा, तो राहिला तर अनुदान थांबतं. एखादा महिना आला नाही तर घाबरू नका, निधी उशिरा आला की दोन महिन्यांचे एकदम पडतात. दोनाच्या वर गेलं तर आधी साइटवर सीडिंग बघा, त्याचा स्क्रीनशॉट काढा, आणि तो घेऊनच तहसीलच्या संजय गांधी शाखेत जा.