ससा, गिनीपिग, हॅमस्टर आणि गोव्याची हवा: चरबीच्या बाबतीत या चुका टाळा

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठेही जा, ससे-हॅमस्टर पाळणाऱ्यांच्या तक्रारी साधारण दोनच. ‘एप्रिलपासून धड खात नाही, तरी गोलमटोलच दिसतो’ ही एक. ‘एसीच्या खोलीत ठेवला आणि वाळत चाललाय’ ही दुसरी. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट असते: हवेप्रमाणे या जिवांची चरबी बदलते, पण आपण खाणं मात्र बारा महिने त्याच वाटीने घालतो.

चरबी दोन प्रकारची असते. पांढरी चरबी म्हणजे साठा. दुसरी तपकिरी, मुख्यतः खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मधल्या जागेत आणि मानेजवळ. तिचं काम चुलीचं. तिच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे इंधन जाळणारे सूक्ष्म भाग, खच्चून भरलेले असतात आणि यूसीपी१ नावाच्या प्रथिनामुळे तिथे जळलेल्या इंधनाची थेट उष्णता होते. प्राणी जितका लहान, तितकं वजनाच्या मानाने अंग उघडं जास्त आणि ऊब लवकर निघून जाते. म्हणून उंदीर-हॅमस्टरला ही चरबी फार लागते. गारवा आठवडेच्या आठवडे टिकला तर ती वाढते, पांढऱ्या चरबीतल्या काही पेशीसुद्धा तिच्यासारख्या वागू लागतात, भूक वाढते आणि साठा झिजतो. उकाडा टिकला तर उलट: तपकिरी चरबी मंदावते, तिच्या पेशींत तेलाचे मोठे थेंब साठतात आणि ती पांढरीसारखी दिसायला लागते.

परदेशी व्हिडिओतलं खाण्याचं माप जसंच्या तसं घेणं

ही चूक सगळ्यात जास्त घरांत होते. साध्या उंदराला ऊब टिकवायला जादा कष्ट पडत नाहीत ते साधारण 30 अंशांना. 20-22 अंशांच्या खोलीत तोच उंदीर जवळजवळ दीडपट ते दुप्पट ऊर्जा खर्च करतो. प्रयोगशाळांनाही हे महागात पडलेलं आहे. 2009 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की यूसीपी१ नसलेले उंदीर लठ्ठ होतात खरे, पण 30 अंशांच्या आसपास ठेवले तरच. नेहमीच्या गार खोलीत हा फरक दिसतच नव्हता. आता आपल्याकडचा मे महिना बघा. पणजीत दुपारी 33 अंश आणि रात्रीही घाम थांबत नाही. अशा खोलीतल्या हॅमस्टरला थंड देशातल्या मापाने सूर्यफुलाच्या बिया घातल्या तर जाळायला कारणच नाही, सगळं साठ्यात जातं. उन्हाळ्यात बिया आणि गोळ्यांचं प्रमाण थोडं थोडं उतरवत आणा. सशाला आणि गिनीपिगला सुकं गवत मात्र कधीच मोजून घालू नका, ते भरपूरच हवं. आणि पोदेराचा ताजा पाव, बिस्किट, केळं हे लाडाचे पदार्थ सशापासून लांब ठेवा.

नुसतं वजन बघून समाधान मानणं

उन्हाळ्यात ससा कमी खातो, कारण पचनानेही अंगात उष्णता तयार होते. पण तो हलतही नाही, दिवसभर लादीवर पसरून असतो. अशा वेळी मांस उतरून त्याची जागा चरबीने घेतली तर काट्यावर फरक दिसत नाही. म्हणून हात लावून बघा. ससा मांडीवर घ्या, केस बाजूला सारून बोटांची टोकं बरगड्यांवरून हलकेच फिरवा. बरगड्या हाताला लागायला हव्यात, पण त्यांच्या कडा गोल वाटल्या पाहिजेत. दाबल्याशिवाय लागतच नसतील तर चरबी जास्त. पाठीचा कणा टोचत असेल तर कमी. मोठ्या मादीच्या हनुवटीखालची घडी बघून घाबरू नका, ती बऱ्याच माद्यांना असतेच. दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेऊन वहीत लिहा, पण हाताने तपासणं त्याच्या जोडीला ठेवा.

लठ्ठ सशाला उपाशी ठेवणं

हे करू नका, कळकळीने सांगतो. लठ्ठ ससा किंवा गिनीपिग अचानक खायचा थांबला की साठ्यातली चरबी यकृताकडे धावते आणि यकृतच बंद पडतं. आतडीही थांबतात. बारा तास काही खाल्लं नाही, लेंड्या पडल्या नाहीत, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्य गाठा. चतुर्थीला गावच्या घरी जाताना वाटीत गोळ्यांचा ढीग घालून जाणारे आहेत; पहिल्या दिवशी फडशा, मग उपास. शेजाऱ्याला चावी देऊन जा.

उन्हाळ्यात खाणं पहाटे आणि दिवेलागणीनंतर द्या, तेव्हाच त्यांना भूक असते. सशाला घाम येत नाही, म्हणून नुसत्या पंख्याचा उपयोग थोडाच; तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून सोडतो. कान ओल्या बोटांनी पुसा, गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. जाड चरबीचा ससा उष्माघाताला आधी बळी पडतो, पत्र्याच्या शेडमध्ये तर हमखास.

रात्री एसी, दिवसा भट्टी

चरबीची जुळवाजुळव व्हायला काही आठवडे जातात, ती रोज सकाळ-संध्याकाळ बदलत नाही. एसी लावायचाच तर तो दुपारी जास्त उपयोगी, आणि 25-26 अंशांवर. हॅमस्टर त्याच खोलीत असेल तर घरट्यासाठी कागदाच्या पट्ट्या भरपूर द्या, झोत अंगावर येऊ देऊ नका. तरीही बरगड्या टोचू लागल्या तर खाणं वाढवा.

पावसाळ्यात पिलांचं घरटं ओलं राहणं

जून ते सप्टेंबर आपल्याकडे काहीच वाळत नाही. सशाची पिलं केसांविना जन्मतात आणि पहिले काही दिवस त्यांची ऊब तपकिरी चरबीवरच चालते. घरटं ओलं असेल तर ती चरबी भराभर संपते. आई दूध पाजते दिवसातून साधारण एकदाच, तेही काही मिनिटं, त्यामुळे एक वेळ चुकली की पोटात इंधन नाही आणि अंगात ऊब नाही. घरटं जमिनीपासून वर उचला, भिंतीच्या ओलीपासून दूर. तळाचं गवत ओलं लागलं तर तेवढंच बदला. आईने उपटून घातलेले केस परत आत ठेवा. बुरशीचा वास येणारं गवत फेकून द्या. पिलू गार लागलं तर आधी हातात, कोमट फडक्यात धरून ऊब द्या आणि ते वळवळू लागल्यावरच आईपाशी ठेवा. गार अंगात गेलेलं दूध पचत नाही.