निरपेक्ष स्थिरतेची शंका: आधी गणित मांडा

बीएस्सीला सापेक्षता शिकताना ‘मग खरं स्थिर कोण?’ हा प्रश्न पडला तर तो दाबून टाकू नका. फक्त वादात उतरण्याआधी मायकेल्सन-मोर्ले यांच्या 1887 च्या प्रयोगाचं गणित स्वतःच्या हाताने करा. त्यात प्रकाशाचा झोत दोन काटकोनी वाटांवर, म्हणजे भुजांवर, पाठवून टोकाच्या आरशांवरून परत आणून एकत्र करतात; परतीच्या वेळांतला फरक बदलला तर उजेड-अंधाराचे पट्टे, म्हणजे फ्रिंज, सरकतात.

ईथर, म्हणजे प्रकाशलहरी वाहून नेणारं मानलेलं माध्यम, स्थिर आहे आणि पृथ्वी त्यातून सेकंदाला 30 किलोमीटर वेगाने जाते असं धरा. गतीच्या दिशेतल्या भुजेचा जाण्यायेण्याचा वेळ सहज निघतो. गडबड होते ती आडव्या भुजेत. प्रकाश पोचेपर्यंत आरसा पुढे सरकलेला असतो, म्हणजे वाट तिरकी. तिथे पायथागोरस लागतो. तो विसरलात तर उत्तर दुप्पट येईल. 1881 च्या पहिल्या प्रयोगात खुद्द मायकेल्सननेही हेच धरलं नव्हतं. आता भुजेच्या लांबीची दुप्पट, म्हणजे 22 मीटर, 550 नॅनोमीटर तरंगलांबीने भागा आणि पृथ्वी व प्रकाश यांच्या वेगांच्या गुणोत्तराचा वर्ग, म्हणजे दहा कोटींत एक, याने गुणा. उपकरण 90 अंशांत फिरवल्यावर 0.4 फ्रिंज सरकायला हवी. प्रत्यक्षात अपेक्षेच्या विसाव्या हिश्श्याइतकीही सरकली नाही.

हाच प्रयोग कॉलेजच्या इंटरफेरोमीटरवर, म्हणजे अशाच दोन भुजांच्या छोट्या उपकरणावर, ‘करून बघू’ म्हणू नका. तिथली भुजा 15 सेंटिमीटरची असेल तर सोडियमच्या प्रकाशात अपेक्षित सरक जेमतेम 0.005 फ्रिंज. उलट, एकाच भुजेचं पोलाद 1 अंश सेल्सिअसने तापलं तरी सहा फ्रिंज सरकतात. म्हणून तर मूळ उपकरण जड दगडी शिळेवर, पाऱ्यात तरंगतं ठेवलं होतं. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ डेटन मिलरला माउंट विल्सनवर ईथरचा वारा, म्हणजे ईथरातून जाताना अपेक्षित असलेला प्रवाह, ‘सापडला’, तेव्हाही 1955 च्या फेरतपासणीत संशय तापमानावरच गेला.

‘या प्रयोगाने ईथर नाही हे सिद्ध झालं’ असं मात्र उत्तरपत्रिकेत लिहू नका. डच भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झच्या सिद्धांतातल्या ईथरात भुजा आखडतात आणि घड्याळं मंदावतात, त्यामुळे त्याची भाकितं आइन्स्टाइनसारखीच येतात. फरक एवढाच, की ते ईथर कुठल्याही मोजणीत सापडत नाही. तुमची पर्यायी कल्पना असेल तर ती 1932 चा केनेडी-थॉर्नडाइक (असमान भुजांचा) आणि 1938 चा आइव्ह्ज-स्टिलवेल (धावत्या अणूंच्या प्रकाशातून काळ मंदावणं तपासणारा) या दोन्ही प्रयोगांवर घासून बघा. बहुतेक कल्पना इथेच अडकतात.

वैश्विक सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीच्या, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या, सर्व दिशांनी येणाऱ्या प्रारणाच्या संदर्भात सूर्यमाला सेकंदाला सुमारे 370 किलोमीटर वेगाने जाते, हेही निरपेक्ष स्थिरतेचा पुरावा म्हणून अनेकदा पुढे केलं जातं. ते मोजमाप अगदी पक्कं आहे. पण तो त्या प्रारणाच्या संदर्भातला वेग आहे. खिडक्या बंद करून बंदिस्त प्रयोगशाळेत बसलात, तर तो कोणत्याही प्रयोगात उमटत नाही.